अळीच्या स्नायूचे दार

श्रावण लागला की विदर्भात पऱ्हाटी कमरेला येते आणि पाठीवर पंप घेतलेली माणसे तिच्या ओळींतून फिरू लागतात. कोणते औषध मारावे, हे त्यांना बहुधा कृषी केंद्राच्या गल्ल्यावर कळते. या व्यवहाराची किंमत २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस एकट्या यवतमाळ जिल्ह्याने वीसहून अधिक जिवांनी मोजली. फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. चौकश्या झाल्या, हुकूम निघाले. परंतु एक साधा प्रश्न मागेच राहिला. किडीसाठी केलेले विष माणसाला का मारते, आणि या दोघांत भेद करणारे विष असू शकते काय?

मोनोक्रोटोफॉससारखी जुनी औषधे मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबविणाऱ्या एका विकरावर घाव घालतात. हे विकर अळीत आहे तसेच माणसातही आहे. ते निकामी झाले की संदेश थांबत नाही, आणि अखेरीस श्वास चालविणारे स्नायूच थकून बंद पडतात. विषाला शत्रू आणि धनी यांतला फरक कळत नाही, कारण त्या जागी तो फारसा नाहीच.

फरक सापडला तो स्नायूत. आपला दंड असो वा अळीचा जबडा, स्नायूची रचना मूलतः एकच आहे. मायोसिनचे जाड तंतू अॅक्टिनच्या बारीक तंतूंना ओढतात आणि स्नायू आखडतो. ही ओढ सुरू करण्याचे काम कॅल्शियमचे. ते पेशीतील पिशव्यांत साठविलेले असते. मज्जातंतूचा इशारा येताच पिशवीचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर येते आणि काम झाले की परत आत ओढले जाते. हे दार म्हणजे एक प्रचंड प्रथिन आहे. सुमारे पाच हजार अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा चार साखळ्या मिळून एक दार. दक्षिण अमेरिकेतील रायानिया या झाडातील विष याच प्रथिनाला चिकटते, म्हणून त्याचे नाव रायनोडिन-ग्राही.

माणसात या दाराची तीन जनुके आहेत. हातापायांच्या स्नायूंसाठी एक, हृदयासाठी दुसरे, तिसरे मेंदूसारख्या इतर ठिकाणी. कीटकाजवळ मात्र एकच जनुक आहे. काटकसर हा कीटकांच्या स्नायूंचा स्वभावच दिसतो. फळमाशीत स्नायूंचे मायोसिनही एकाच जनुकातून, त्याचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून बनते, असे गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात कळून आले. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी फळमाशीचे उड्डाण-स्नायू कसे घडतात हे पाहत होते. माशीच्या पंखांत डोके घालून बसणाऱ्यांना आपण हसतो. पण कीटकाचा स्नायू कसा चालतो हे ठाऊक नसेल, तर तो कोठे रोखावा हेही कळत नाही.

कीटकाचे दार आणि आपले दार यांच्या घडणीत साम्य सुमारे निम्मेच. या फरकाचा लाभ घेणारी डायअमाइड वर्गातील औषधे २००७ च्या सुमारास बाजारात आली. ती अळीचे दार उघडेच ठेवतात. कॅल्शियमचा साठा वाहून जातो, स्नायू आखडून लुळे पडतात आणि अळी काही तासांतच खाणे सोडते. आपल्या दारावर त्यांचा परिणाम फारच थोडा. म्हणूनच क्लोरँट्रानिलीप्रोलच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण असतो, तर मोनोक्रोटोफॉसवर लाल. अर्थात हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. भंडारा-गडचिरोलीच्या रानांतील टसरची अळी हीही अळीच. दार तिलाही आहे.

परंतु ज्याचे दार एक, त्याला बचावासाठी बदलही एकच पुरतो. फिलिपिन्स व थायलंडमधील कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगात ही औषधे निष्प्रभ का ठरली, याचा उलगडा २०१२ मध्ये झाला. त्या प्रथिनातील ४९४६ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटॅमिक आम्ल आले होते. हजारो कड्यांच्या साखळीतली एक कडी बदलली आणि किडीवर कोट्यवधींच्या संशोधनाचा काही उपाय चालेना. पुढे टोमॅटोवरील नागअळीतही त्याच जागी बदल आढळला.

विदर्भाने असा धडा एकदा गिरविला आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला. सोबतची बिगर-बीटी ओळ पेरण्याकडे दुर्लक्ष झाले आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. तेथे कारण वेगळ्या प्रथिनाचे होते, पण चूक हीच होती: एकाच शस्त्रावर अखंड भिस्त. आता क्लोरँट्रानिलीप्रोलच्या पेटंटची मुदत २०२२ मध्ये संपली असून ते अनेक नावांनी मिळू लागले आहे. स्वस्ताई चांगलीच. परंतु कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा या सर्वांवर तेच पडू लागले, आणि ‘औषध बदलले’ म्हणताना केवळ बाटली बदलली, तर अळीच्या त्या एका दारावरच घाव पडत राहील.

नागपुरातील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कीटकनाशकांचे वर्ग आलटून-पालटून वापरण्याचा आणि आरंभीच्या फवारण्या टाळण्याचा उपदेश वर्षानुवर्षे केला आहे. तो बांधापर्यंत पोहोचवावयाचा तर औषधाचा वर्ग बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा. त्रिकोण माणसाला असलेला धोका सांगतो. औषध किडीच्या कोणत्या जागी लागते, हे तो सांगत नाही. डायअमाइड औषधांचा जागतिक वर्गक्रमांक २८ आहे. एवढा आकडा गावच्या शिक्षकाने शाळेत समजावून दिला, तरी घरी जाऊन बापाच्या हातातील दोन बाटल्यांवर तो एकच आहे का, हे पाहणे सातवीतल्या मुलालाही जमेल.