घर सोडणाऱ्यांची कादंबरी

बारावीचा निकाल आणि मृगाचा पाऊस वरुड तालुक्यात मागेपुढेच येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटात या दिवसांत संत्र्याच्या रोपवाटिकांची धांदल सुरू होते. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तयार केलेली कलमे मुळांसकट काढली जातात, जुड्या बांधल्या जातात आणि दूरदूरच्या शेतांकडे रवाना होतात. याच सुमारास गावातली सतरा-अठरा वर्षांची मुलेही पाठीवर बॅग टाकून अमरावती, नागपूर, पुणे अशी पांगतात. कलम कोणत्या जमिनीत लावावे, खड्डा किती खोल घ्यावा, पहिले पाणी केव्हा द्यावे याचे ज्ञान या गावात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. घर सोडून गेलेल्या मुलाच्या मनाचे तिकडे काय होते, याविषयी मात्र ‘पोट्टा पुन्याले गेला’ एवढ्या तीन शब्दांपलीकडे फारसे कोणी बोलत नाही.

जे घरात बोलले जात नाही ते पुष्कळदा कादंबरी बोलते. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत या वयासाठी एक स्वतंत्र फळी असते. ‘यंग अ‍ॅडल्ट’ हे तिचे नाव. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ मध्ये या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग काढला, आणि दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, एस. ई. हिंटन या जेमतेम अठरा वर्षांच्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली. आईवडील अपघातात गेलेले तीन भाऊ आणि त्यांच्या टोळीतील मित्र यांची ती कहाणी. कॅथरिन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ १९७७ ची. लेखिकेच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, त्या आघातातून ती लिहिली गेली. शोक, मैत्री आणि घरापासून तुटणे हे तीन धागे या फळीवरच्या असंख्य पुस्तकांत एकमेकांत गुंतलेले आढळतात. त्यात नवल नाही. या वयात मृत्यू प्रथमच खरा वाटू लागतो, मित्र प्रथमच घरापेक्षा जवळचे होतात आणि दार ओलांडण्याची वेळही तीच असते.

मराठीत ही फळी नाही. आपल्याकडे बालसाहित्य आहे, त्याच्या शेजारी थोडेसे कुमारसाहित्य आहे आणि त्यापुढे एकदम मोठ्यांचे साहित्य. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे; पण वाचकाला लक्षात राहतो तो त्याचा खोडकर चांगुलपणा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो. त्याला चोर पकडण्यातून रडायला सवड मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. वाचक बारा वर्षांचा असतो. अडचण येते ती तोच वाचक सतरा वर्षांचा झाल्यावर. फेणे मागे पडलेला असतो आणि पुढे काय वाचावे हे सांगणारे कोणी नसते. अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक म्हणजे स्पर्धा परीक्षेचे, अशी समजूत तोवर पक्की झालेली असते.

अपवाद म्हणून साने गुरुजींचे नाव घ्यावे लागते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ संस्कारांचे पुस्तक म्हणून भेट दिली जाते. तिच्याकडे घर सोडलेल्या मुलाची कथा म्हणून पाहिले, की ती वेगळी दिसू लागते. श्याम शिक्षणासाठी दूर आहे, घरात दारिद्र्य वाढते आहे, आई खंगते आहे, आणि तो पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. हा उशीर हेच त्या पुस्तकाचे सर्वांत खोल दुःख आहे. शिकण्यासाठी दूर जाणे आणि त्याच काळात घरात कोणाचा तरी अंत होणे ही कित्येक मराठी कुटुंबांतली गोष्ट आहे. ‘परीक्षा आहे, त्याला आत्ता कळवू नका’ हे वाक्य अनेक घरांत उच्चारले गेलेले असते. मोबाइल आल्याने ते मागे पडले असेल अशी कल्पना होते, पण तसे झालेले नाही; आता फोनवर ‘आजीला जरा बरं नाही, येऊन जा’ असे सांगितले जाते, इतकाच फरक.

श्यामचे दुःख मात्र त्याला घडवते. आई जाते, पण तिची शिकवण उरते आणि त्या बळावर मुलगा मोठा होतो. प्रत्येकाच्या बाबतीत असे होतेच असे नाही. दुःख काहीही शिकवत नाही, ते नुसते असते, ही शक्यता मराठी कादंबरीत आणली ती भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती १९६३ मध्ये काढली तेव्हा लेखक पंचविशीत होता.

‘कोसला’वर गेल्या साठ वर्षांत इतके लिहिले गेले आहे, की तिचा मूळ विषय साधा आहे याचाच विसर पडतो. नेमाडे यांचे गाव यावल तालुक्यातले सांगवी. कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही खानदेशातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो. वडिलांचा पैसा सढळ हाताने खर्च करतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, मंडळे, नाटके यांत पडतो, लोकांकडून फसतो, परीक्षेत आपटतो. मग सारे आवरून गावी परत येतो. एवढ्या कथानकावर कोणीही म्हणेल, यात काय विशेष? असे मुलगे प्रत्येक तालुक्यात पाच-पन्नास सापडतील. विशेष हेच, की त्या पाच-पन्नासांपैकी एकाने आपल्याच भाषेत, ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ पेरीत, कोणाचीही भीड न ठेवता बोलायला सुरुवात केली.

या सगळ्याच्या मध्यावर मनीचा मृत्यू आहे. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवीच्या रोगाने जाते. १९६२ मध्ये भारतात देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. म्हणजे या मृत्यूवर उपाय अस्तित्वात होता आणि तो घरोघर पोहोचायचा होता. आज वाचताना हे ठाऊक असल्यामुळे ती पाने अधिकच बोचतात. नेमाडे तिथे सांत्वन करत नाहीत. तोवर थट्टेखोर असलेले निवेदन तुटक होते, संतापते, आपल्याच माणसांवर उलटते. वडिलांवरचा राग, घराविषयीचा तिटकारा आणि बहिणीविषयीची माया ही एकातून दुसरी वेगळी काढता येत नाहीत. शोकात माणूस नेहमी हळवा होतो हा आपल्या चित्रपटांनी दृढ केलेला समज आहे. कोवळ्या वयात तो पुष्कळदा उद्धट होतो. घरच्यांना वाटते पोराला काही वाटलेच नाही.

पुढे काय होते, हे ‘कोसला’ इतर कोणत्याही मराठी पुस्तकापेक्षा अधिक नेमके सांगते. शोकाचे विधी तेरा दिवसांत संपतात. त्यानंतर मुलगा वसतिगृहात परततो. तिथे मेसचे बिल, हजेरी, कपडे धुणे, शेजारच्या खोलीतला गोंगाट हे सारे पूर्ववत चालू असते. जी गेली तिला इथे कोणी ओळखतही नसते. अशा वेळी उपयोगी पडतात ते मित्र, तेही समजूत घालून नव्हे. सुरेश आणि पांडुरंग यांची भटकंती, त्यांच्या लांबत जाणाऱ्या गप्पा, भविष्यातले इतिहासकार आपल्याविषयी काय लिहितील याची त्यांनी मांडलेली थट्टा हे वरवर पाहता निरर्थक भाग आहेत. त्या निरर्थकतेतच एक मुलगा दुसऱ्याला सोबत करत असतो.

‘कोसला’ची तुलना सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी समीक्षकांनी वारंवार केली आहे, आणि तिच्यावरून वादही झाले आहेत. होल्डन कॉलफील्डचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे, हे साम्य डोळ्यांत भरते. पण होल्डन न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातला आहे; त्याला परतायला शेत नाही. पांडुरंगाला आहे, आणि तोच त्याचा पेच आहे. पाश्चात्त्य कथांत घर सोडणारा मुलगा बहुधा कुठे तरी पोहोचतो. पांडुरंग परत येतो. या परतण्याला हार म्हणावे की आणखी काही, हे कादंबरी ठरवून देत नाही. तालुक्याच्या गावी परतलेल्या पदवीधरांच्या बाकांवर आजही हाच वाद ऐकू येतो.

सगळ्यांनाच या वाटेने जायला हवे असे नाही. प्रकाश नारायण संत यांचा लंपन शोकाकडे फार निराळ्या अंगाने जातो. १९९४ मधील ‘वनवास’पासून पुढच्या ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या संग्रहांत तो भेटतो. या कादंबऱ्या नव्हेत, कथा आहेत. पण सलग वाचल्या की कादंबरीचे काम करतात. आईवडिलांपासून दूर, बेळगावच्या परिसरातल्या कानडी वळणाच्या गावात, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा. त्याचे ‘म्याड’ होणे, त्याची सुमी, त्याचे मित्र. त्याचा वनवास प्रेमळ माणसांनी भरलेला आहे आणि तरीही तो वनवास आहे, हे संतांनी एकदाही आवाज न चढवता लिहिले. ‘झुंबर’मध्ये वडिलांच्या मृत्यूचा घाव येतो. लेखकाचे वडील, कवी ना. मा. संत, १९४६ मध्ये वारले तेव्हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. आई इंदिरा संत यांच्या कवितेत त्याच वियोगाचे पडसाद आहेत. एकाच घरातला एकच मृत्यू आईने लगेच कवितेत आणि मुलाने अर्ध्या शतकानंतर कथेत आणला. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) कोणाचा मृत्यू नाही, आणीबाणीच्या काळातली नववी, मित्रांची चौकडी आणि एका मुलीचे गाव सोडून जाणे आहे. तेवढेही पंधराव्या वर्षी पुरेसे असते.

वऱ्हाडाचे काय? परतवाड्यात १९१६ मध्ये जन्मलेले गो. नी. दांडेकर तेरा-चौदा वर्षांचे असताना स्वातंत्र्याच्या चळवळीपायी घरातून निघाले आणि भटकत राहिले. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात ते सारे आले आहे. १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत मानाचे स्थान दिले, तिच्या केंद्रस्थानी आहे ती मुलांसाठी झिजणारी कौतिक. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ उच्चशिक्षित आहे, पण बेकार, आणि घरातच अडकलेला. म्हणजे निघून गेलेला मुलगा आहे, झिजणारी आई आहे, अडकलेला तरुण आहे. आजच्या वऱ्हाडातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलामुलींची, वसतिगृहाच्या खोलीतून लिहिलेली कादंबरी मात्र या मालिकेत नाही.

मुलींची उणीव तर सगळीकडेच जाणवते. ‘कोसला’तली मनी मरते, ‘शाळा’तली शिरोडकर निघून जाते; दोघींविषयी आपल्याला कळते ते मागे राहिलेल्या मुलाकडून. घर सोडण्याचा सर्वांत जुना अनुभव वास्तविक मुलींचा. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेर सुटल्याचे जेवढे दुःख साठले आहे तेवढे कोणत्याही कादंबरीत नाही. परंतु त्या ओव्या सासरी जाणाऱ्या मुलीच्या. नर्सिंगच्या किंवा अभियांत्रिकीच्या वसतिगृहात जाणाऱ्या मुलीला अजून तिची ओवी मिळालेली नाही.

‘कोसला’ सतराव्या वर्षी हाती देण्यास पालक कचरतात. कॉलेज सोडून आलेल्या मुलाची गोष्ट वाचून आपलाही मुलगा परतला तर? भीती समजण्यासारखी आहे, पण ती पुस्तकावर अन्याय करणारी आहे. पांडुरंग कोणालाही परत बोलावत नाही. परतल्यावरची रिकामी दुपार तो इतकी प्रामाणिकपणे सांगतो, की वाचणाऱ्याला परतण्याचा मोह होणे कठीण. खरी अडचण पुस्तक हाती पडण्याची आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळते. तेथे ‘कोसला’ मोठ्यांच्या कपाटात असते, ‘वनवास’ कथासंग्रहांत आणि ‘श्यामची आई’ बालविभागात. ही तीन पुस्तके एकाच वयाच्या वाचकाची आहेत हे कपाटे लावणाऱ्याला सुचण्याचे कारण नसते. निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ती ‘शाळा’ आणि ‘स्मरणगाथा’ यांच्यासह दर्शनी टेबलावर एकत्र मांडून ठेवली, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. आणि मुले गाव सोडतात ती नेमकी याच दिवसांत.