परदेशातील अंशकालीन अभ्यासक्रम आणि विद्यार्थी-व्हिसाची पात्रता
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

नोकरी सांभाळून शिकणे ही महाराष्ट्रात कमीपणाची गोष्ट कधीच मानली गेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व ग्रामीण विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडले. मुंबई विद्यापीठाने १९७१ पासून बहिःशाल विद्यार्थ्यांसाठी टपालाद्वारे शिक्षणाची सोय केली. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. कसारा, खर्डी, आटगाव वा आसनगाव येथून पहाटेची लोकल पकडून मुंबईत नोकरीस जाणारा आणि सायंकाळच्या वर्गास बसून रात्री उशिरा घरी परतणारा तरुण शहापूर तालुक्यास अपरिचित नाही. मुरबाडच्या विद्यार्थ्यास तर रेल्वेसाठी आधी कल्याण गाठावे लागते. अशा विद्यार्थ्याच्या मनात अंशकालीन, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘अर्धवेळ’ म्हणतात तो अभ्यासक्रम आणि काटकसर या दोन कल्पना एकमेकींशी सहज जोडल्या जातात.

परदेशी शिक्षणाचा विचार करताना हीच कल्पना तो सोबत नेतो. परदेशी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात एकच पदवी पूर्णवेळ एका वर्षात आणि अर्धवेळ दोन वर्षांत मिळेल असे दिलेले असते. अर्धवेळ अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्कही साधारणतः निम्मे असते. उरलेल्या वेळात काम करून खर्च भागविता येईल, असा हिशेब त्यावरून सहज मांडला जातो. हा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो. तो का चुकतो, हे समजण्यासाठी विद्यार्थी-व्हिसा कोणत्या तत्त्वावर उभा आहे ते प्रथम पाहिले पाहिजे.

१. पूर्णवेळेच्या अटीचा उगम

कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हा विद्यार्थी-व्हिसा नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हाही नव्हती. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून व पैसे साठवून ते १९२० मध्ये लंडनला परतले आणि अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास त्यांनी एकाच काळात चालविला. दिवसाचे किती तास कोठे खर्च होतात, हा प्रश्न त्या काळी विद्यार्थ्यास कोणतेही परराष्ट्र विचारीत नव्हते.

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग मानला आणि ‘केवळ अभ्यासाच्या हेतूने’ येणाऱ्यास त्यात स्थान दिले. १९५२ च्या कायद्याने त्यात ‘पूर्ण अभ्यासक्रम’ ही अट घातली. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातील नागरिकांचा प्रवेश १९६२ च्या कायद्याने प्रथमच नियंत्रित झाला. त्यात विद्यार्थ्यासाठी ठेवलेली वाट अशी होती, की त्याचा अभ्यासक्रम त्याचा सर्व किंवा बराचसा वेळ व्यापणारा असावा. पुढील नियमांत याच कल्पनेस आकड्याचे रूप मिळाले : आठवड्यास दिवसाचे किमान १५ तास शिकवणी.

या नियमांमागील विचार एकच आहे. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे मोजमाप करते. व्हिसा देणारे शासन त्याच्या उरलेल्या वेळेचे करते. अभ्यासाने दिवस भरलेला असेल, तर मनुष्य विद्यार्थी म्हणूनच आला आहे असे मानण्यास आधार मिळतो. अभ्यास थोडा व मोकळा वेळ पुष्कळ असेल, तर तो वेळ रोजगारात जाईल आणि शिक्षण हे निमित्त ठरेल, अशी शंका शासन घेते. म्हणूनच विद्यापीठाने अंशकालीन अभ्यासक्रमास प्रवेश दिला, एवढ्यावरून त्या देशात राहण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही. प्रवेश आणि निवास हे दोन स्वतंत्र निर्णय होत.

२. चार देशांची धोरणे

अमेरिकेचा नियम सर्वांत काटेकोर आहे. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील पदवीपूर्व विद्यार्थ्याने दर सत्रात सामान्यतः १२ श्रेयांकांचा अभ्यास घेतला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा पूर्ण भार किती, हे संस्था ठरविते. या भारात दर सत्री एकच वर्ग किंवा ३ श्रेयांक एवढेच दूरस्थ शिक्षण मोजले जाते. भार कमी करण्याची परवानगी आजारपण, सुरुवातीच्या शैक्षणिक अडचणी व अखेरचे सत्र अशा मोजक्या कारणांसाठी संस्थेचा नियुक्त अधिकारी देऊ शकतो. आजारपणासाठी ती एका शैक्षणिक पातळीवर एकूण १२ महिन्यांपलीकडे जात नाही. अशी परवानगी आधी न घेता विषय सोडणाऱ्याचा विद्यार्थी-दर्जाच जातो. रोज सीमा ओलांडून येणाऱ्या कॅनडा व मेक्सिको येथील विद्यार्थ्यांना २००२ च्या कायद्याने अंशकालीन शिक्षणाची मुभा मिळाली. भारतीयांना तिचा उपयोग नाही. याच्या उलट एक तरतूद लक्षणीय आहे. एफ-१ विद्यार्थ्याच्या पतीस वा पत्नीस एफ-२ व्हिसावर २०१५ पासून अंशकालीन शिक्षण घेता येते, परंतु पूर्णवेळ पदवी-अभ्यास करता येत नाही. एकाच घरातील दोघांपैकी एकास अर्धवेळ शिकणे वर्ज्य, तर दुसऱ्यास पूर्णवेळ शिकणे वर्ज्य, असा हा प्रकार आहे.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थी-व्हिसा धारण करणाऱ्याने नोंदणीकृत पूर्णवेळ अभ्यासक्रमात दाखल असणे ही व्हिसाचीच एक शर्त आहे. एकूण अभ्यासाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग दूरस्थ पद्धतीने घेण्यासही तेथील संहिता मज्जाव करते.

कॅनडाचे धोरण वरकरणी सैल दिसते. सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमास अभ्यास-परवाना लागत नाही, आणि परवानाधारकाने सक्रियपणे शिकत राहावे एवढीच मूळ अपेक्षा असते. परंतु महाविद्यालयाबाहेर आठवड्यास २४ तासांपर्यंत काम करण्याची जी मुभा नोव्हेंबर २०२४ पासून आहे, ती पूर्णवेळ विद्यार्थ्यास आहे. पदवीनंतरचा काम-परवाना हवा असल्यास अखेरचे सत्र वगळून सर्व सत्रे पूर्णवेळ केलेली असावी लागतात, असा सामान्य नियम आहे. अंशकालीन विद्यार्थी तेथे राहू शकेल. पण ज्या लाभांसाठी बहुतेक भारतीय विद्यार्थी कॅनडाची निवड करतात, ते लाभ तो गमावून बसतो.

ब्रिटनने मात्र अंशकालीन विद्यार्थ्यासाठी वेगळी तरतूद केली आहे. जानेवारी २०१८ पासून पदव्युत्तर पातळीवरील अंशकालीन अभ्यासक्रमास उच्च शिक्षणसंस्थेच्या पुरस्कारावर विद्यार्थी-व्हिसा मिळू शकतो, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या विद्यार्थी-मार्गानेही ही सोय कायम ठेवली. पदवी किंवा त्याखालील अंशकालीन अभ्यासक्रमास ती लागू नाही. शिवाय तिच्यासोबत दोन कठोर शर्ती येतात : अशा विद्यार्थ्यास कोणतेही काम करता येत नाही, आणि कुटुंबीयांस सोबत आणता येत नाही. पूर्णवेळ पदवी वा पदव्युत्तर विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्यास सामान्यतः २० तास काम करता येते. ज्याच्याजवळ वेळ अधिक आहे त्यास मात्र एक तासही नाही. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर वाढलेल्या विद्यार्थ्यास हे विपरीत वाटेल. परंतु उरलेल्या वेळेविषयीची शंका हा नियमाचा पाया आहे हे ध्यानी घेतले, म्हणजे त्यातील संगती दिसू लागते.

३. खर्चाचे गणित

समजा, ब्रिटनमधील एखाद्या पदव्युत्तर पदवीचे एकूण शुल्क १०० एकक आहे आणि एका वर्षाच्या राहणीचा खर्च ८० एकक आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यास एका वर्षात १८० एकक लागतील, आणि त्यातील काही भाग तो कायदेशीर कामातून भरून काढू शकेल. अंशकालीन विद्यार्थ्याचे शुल्क दोन वर्षांत मिळून १०० एककच राहील. राहणीचा खर्च मात्र १६० होईल. एकूण २६० एकक, आणि मिळकत शून्य. यांशिवाय व्हिसाच्या कालावधीनुसार आकारला जाणारा आरोग्य-अधिभार विद्यार्थ्यास फेब्रुवारी २०२४ पासून दर वर्षास ७७६ पौंड या दराने भरावा लागतो. तो मुदतीबरोबर वाढतो. मायदेशातील नोकरीची रजा वा गमावलेले वेतन हेही एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे धरावे लागते.

फसगत होते ती अर्जाच्या वेळी. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. अंशकालीन विद्यार्थ्याचे पहिल्या वर्षाचे शुल्क निम्मे असल्यामुळे त्याला दाखवावयाची रक्कम लहान दिसते. आरंभी लागणारा पैसा कमी आणि अखेरीस लागणारा अधिक, अशी ही रचना आहे. ज्याच्याजवळ पुरेसा पैसा नाही, त्यालाच ती सर्वांत आकर्षक वाटते आणि दुसऱ्या वर्षी त्यालाच ती अडचणीत आणते.

शहापूर व मुरबाड येथील पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल जाते. शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची. तिच्या उत्पन्नातून परदेशातील दुसऱ्या वर्षाचा खर्च उभा राहणे दुरापास्त. दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांची मोठी वस्ती आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ यांची बंधने आहेत. ही बंधने त्या समाजाच्या संरक्षणासाठी आहेत आणि ती योग्यच आहेत. परंतु ऐन अडचणीच्या वेळी जमीन विकून पैसा उभा करण्याची वाट अशा कुटुंबास सहज उपलब्ध नसते, हेही तितकेच खरे. अर्ध्यावर सोडलेली पदवी आणि फेडावयाचे कर्ज ही त्याची संभाव्य परिणती होय.

४. शिष्यवृत्ती आणि इतर मार्ग

खर्चाचा भार हलका करणाऱ्या शासकीय योजनाही पूर्णवेळ शिक्षण गृहीत धरूनच आखलेल्या आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे. केंद्र शासनाची अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या वार्षिक २० जागांपैकी ३ जागा विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी राखून ठेवलेल्या आहेत, आणि महाराष्ट्रातील कातकरी समाज या गटांत मोडतो. शहापूर येथेच आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय असल्यामुळे या योजनांची चौकशी करण्यासाठी मुंबईस जाण्याचेही कारण नाही. अंशकालीन प्रवेश स्वीकारणारा विद्यार्थी व्हिसाच्या सवलतींबरोबर या साहाय्यासही बहुधा मुकतो, हे त्याने आरंभीच जाणून घेतले पाहिजे.

नोकरी न सोडता परदेशी विद्यापीठाची पदवी मिळविणे ज्यास आवश्यक आहे, त्याने देशात राहूनच शिकणे हा सरळ मार्ग होय. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांस परीक्षेस बसू देत आले आहे. अशा शिक्षणास व्हिसा लागत नाही. मात्र भारतात नोकरी वा पुढील संशोधन करावयाचे असल्यास दूरस्थ पद्धतीने मिळविलेल्या परदेशी पदवीच्या समकक्षतेचा निर्णय प्रवेशापूर्वीच तपासून घ्यावा. अल्प मुदतीचे शिक्षण हवे असल्यास ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास अभ्यागत-व्हिसावर करता येतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे अभ्यागत-व्हिसावर आलेल्यास पदवीकडे नेणारा अभ्यासक्रम घेता येत नाही, मग तो आठवड्यास एक तासाचा का असेना. याउलट एच-४ व्हिसावर तेथे राहणाऱ्या, नोकरदाराच्या पतीस वा पत्नीस पूर्णवेळ वा अंशकालीन कोणतेही शिक्षण घेता येते. अंशकालीन शिक्षणाची मुभा कोणास मिळते, हे पुष्कळदा अभ्यासक्रमावर नव्हे, तर मनुष्य कोणत्या हेतूने त्या देशात आहे यावर अवलंबून असते.

५. तपासावयाच्या बाबी

वरील विवेचनावरून अंशकालीन प्रवेश स्वीकारण्यापूर्वी पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळविणे इष्ट ठरते. या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी संस्था व्हिसा-पुरस्कार देते काय? त्या व्हिसावर काम करण्याची मुभा आहे काय, आणि किती तास? आजारपणामुळे वा अन्य कारणाने अभ्यासाचा भार कमी करावा लागल्यास परवानगी कोणाकडून व केव्हा घ्यावयाची? पदवीनंतर त्या देशात राहण्याचा हक्क पूर्णवेळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित आहे काय? आणि संपूर्ण मुदतीचा, केवळ पहिल्या वर्षाचा नव्हे, खर्च कोठून येणार? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे मध्यस्थाकडून न घेता विद्यापीठाच्या परदेशी-विद्यार्थी कार्यालयाकडून आणि त्या त्या शासनाच्या प्रकाशित नियमांतून घ्यावीत. हे नियम वारंवार बदलतात. एका वर्षी गेलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव दुसऱ्या वर्षी प्रमाण मानता येत नाही. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरातच बसून द्यावे लागते.

अंशकालीन शिक्षण हे गरजू विद्यार्थ्याचे साधन आहे, ही समजूत आपल्या देशात खरी आहे, कारण येथे त्याच्या उरलेल्या वेळेवर त्याचाच अधिकार असतो. परदेशात तो अधिकार व्हिसाच्या शर्तींनी काढून घेतला जातो, आणि मग तेच शिक्षण ज्यास वेळ व पैसा या दोहोंची ददात नाही अशाच्या सोयीचे ठरते. साधन नसलेल्या पण गुणी विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीच्या आधाराने केलेले एक वर्षाचे पूर्णवेळ शिक्षण, किंवा नोकरी सांभाळून मायदेशीच केलेले अर्धवेळ शिक्षण, हे दोन मार्ग अधिक निर्धोक होत. महाविद्यालयांतील मार्गदर्शक प्राध्यापकांनी हा फरक प्रवेशपत्र हाती पडण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या नजरेस आणून देणे अगत्याचे आहे.