मोटारीच्या इंधनाची निवड : ऑक्टेन अंक आणि इथेनॉलचे प्रमाण

वाशीम जिल्ह्यातील मानोरा हे कारंजा-दिग्रस रस्त्यावरील तालुक्याचे गाव. अशा गावी मोटार ही हौसेची वस्तू नसते. दवाखाना, न्यायालय, लग्नकार्य, रामनवमीस पोहरादेवीची यात्रा अशा अनेक कामांस ती एकच गाडी उपयोगी पडते, आणि एकदा घेतलेली गाडी दहा-पंधरा वर्षे तरी वापरली जाते. त्यामुळे पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या इंधनाची घटना बदलली असता त्या बदलाचा भार नव्या गाडीच्या मालकापेक्षा जुन्या गाडीच्या मालकावर अधिक पडतो. आजच्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्या इंजिनास मानवेल काय, आणि लिटरमागे काही रुपये अधिक देऊन उच्च ऑक्टेनचे पेट्रोल घेणे हिताचे आहे काय, असे दोन प्रश्न या मालकापुढे उभे राहतात. उत्तर देताना बहुधा एक गल्लत होते : ऑक्टेन अंक म्हणजे इंधनाची शक्ती, असे मानले जाते. वस्तुतः या दोहोंचा परस्परांशी थेट संबंध नाही.

ऑक्टेन अंक हे इंधनाच्या सहनशक्तीचे माप होय. सिलिंडरमधील हवा व पेट्रोलवाफ यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो, ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच शेवटच्या कोपऱ्यातील मिश्रण वाढत्या दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा टणटणाट ऐकू येतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते फार काळ चालू राहिल्यास दट्ट्याला इजा पोहोचते. 1926 मध्ये ग्रॅहम एडगर यांनी या प्रवृत्तीच्या मापनासाठी दोन हायड्रोकार्बने प्रमाण म्हणून सुचविली. सहज टणटणणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य आणि दाब सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला 100 असे अंक देण्यात आले. 91 अंकाचे पेट्रोल म्हणजे प्रमाणित चाचणी-इंजिनात 91 भाग आयसो-ऑक्टेन व 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. त्यात आयसो-ऑक्टेन 91 टक्के असते, असा याचा अर्थ नव्हे.

भारतात जो अंक सांगितला जातो तो 'रिसर्च' पद्धतीचा. अमेरिकेतील पंपांवर 'रिसर्च' व 'मोटर' या दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी लिहिलेली असते, व ती साधारणतः चार-पाचांनी कमी येते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी '87 चे पेट्रोल चालते' असे सांगितल्यास हा फरक ध्यानात घ्यावा.

इंजिनाला किती ऑक्टेन लागेल हे मुख्यत्वे संपीडन गुणोत्तरावर अवलंबून असते. जुन्या साध्या इंजिनांत ते नऊच्या आसपास असे. आजच्या काही इंजिनांत ते बारापर्यंत गेले आहे, आणि टर्बोचार्जर असल्यास गुणोत्तर कमी असूनही प्रत्यक्ष दाब अधिक भरतो. हवामानाचाही यात वाटा आहे. आत येणारी हवा तापलेली असली की टणटणाट लवकर सुरू होतो. वऱ्हाडातील मेच्या दुपारी, पाच माणसे बसवून, वरच्या गिअरमध्ये चढ चढणे ही या दृष्टीने सर्वांत कठीण परीक्षा होय. अशा वेळी खालचा गिअर टाकणे हा महाग पेट्रोलपेक्षा स्वस्त उपाय आहे. नव्या गाड्यांतील नॉक-संवेदक हे काम काही अंशी स्वतःच करतो : तो ठिणगी थोडी उशिरा पाडतो, इंजिन वाचते, मात्र ओढ कमी होते. उच्च ऑक्टेनचा लाभ अशा प्रसंगी दिसू शकतो. परंतु ज्या इंजिनास 91 पुरेसे आहे त्यात 95 घालून ऊर्जा वाढत नाही. लिटरमागे सात टक्के अधिक दाम दिले, तर ते वसूल होण्यासाठी गाडीने लिटरमागे सात टक्के अधिक अंतर कापावयास हवे. तसे होण्याचे कारण त्या इंजिनात नाही.

आता इथेनॉलकडे वळता येईल. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना या देशात नवी नाही. 1948 मध्ये त्यासाठी 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' संमत झाला होता. अलीकडच्या कार्यक्रमाचा प्रारंभ 2001 मध्ये प्रायोगिक स्वरूपात झाला, आणि त्या प्रयोगकेंद्रांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. दहा टक्क्यांची मजल जून 2022 मध्ये गाठली गेली, आणि वीस टक्क्यांची 2025 मध्ये. एकोणीस वर्षांत दहा टक्के आणि पुढील तीन वर्षांत आणखी दहा, हा वेग लक्षात घेतला की जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार निव्वळ आकसापोटी नाही, हे पटते.

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक सुमारे 108 आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये मूळ पेट्रोलचा अंक 84.4 व इथेनॉलचा 108.5 असा दिला होता. आकारमानाच्या प्रमाणात सरासरी काढली तर वीस टक्के मिश्रणाचा अंक जेमतेम 89 येतो. प्रत्यक्षात तो बराच अधिक भरतो. कारण असे की इथेनॉलचा रेणू लहान व हलका आहे. आकारमानाने एकपंचमांश असलेले इथेनॉल रेणूंच्या संख्येने एकतृतीयांशाहून अधिक असते, आणि त्या हिशेबाने अंक 93 च्या आसपास जातो. त्याखेरीज बाष्पीभवनाच्या वेळी इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. त्याने आत येणारे मिश्रण थंड होते व टणटणाट आणखी दबतो.

लाभाची ही बाजू झाली. उलट बाजूस, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा जवळजवळ सात टक्के, आणि दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलला जळण्यास हवाही कमी लागते, त्यामुळे ठरावीक हवेबरोबर ते अधिक जाळता येते आणि इंजिनाचा जोर जवळपास तेवढाच राहतो. 'गाडी ओढते चांगली, पण अॅव्हरेज पडला' हे गॅरेजमध्ये ऐकू येणारे वाक्य शास्त्रदृष्ट्या अगदी सुसंगत आहे. निती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही, मूळ पेट्रोलसाठी आखलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट होईल, असा अंदाज होता. दहा टक्क्यांसाठी आखून वीससाठी जुळविलेल्या गाड्यांत तो एक ते दोन टक्के होता. लिटरला पंधरा किलोमीटर चालणारी गाडी चौदावर आली, तर महिन्याच्या हजार किलोमीटरमागे सुमारे पाच लिटर अधिक लागतात. कमी ऊर्जेच्या लिटरला तोच दर द्यावा लागणे हा ग्राहकाचा खरा आक्षेप असून, तो रसायनशास्त्राने खोडून काढता येत नाही.

ज्या गाड्यांत ऑक्सिजन-संवेदक आहे त्या हवा व इंधन यांचे प्रमाण आपोआप सुधारून घेतात. कार्बुरेटरच्या गाडीस ते साधत नाही. निव्वळ पेट्रोलसाठी जुळविलेल्या कार्बुरेटरमध्ये वीस टक्के मिश्रण गेले की ते सुमारे आठ टक्क्यांनी विरळ पडते. इंजिन सकाळी अडखळते व अधिक तापते. 2020 पूर्वीच्या अनेक मोटारसायकली याच वर्गातील असल्याने खेड्यापाड्यांत हा प्रश्न चारचाकीपेक्षा दुचाकीचा अधिक आहे. जेट बदलून तो बहुतांशी सुटतो.

रबराच्या नळ्या व वेष्टणे यांचे तसे नाही. इथेनॉलमुळे काही जातींचे रबर फुगते व पुढे तडकते. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत वीस टक्क्यांस टिकणारे साहित्य वापरण्याचे ठरले. त्यापूर्वीच्या गाडीबाबत निर्मात्याची पुस्तिका हाच आधार. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाणारे 100 ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांतच मिळते व ते बरेच महाग असते. सारांश, मानोऱ्याच्या मालकाला इंधन निवडण्यास फारशी जागा उरलेली नाही. निवड उरली आहे ती गाडीच्या निगेत. जुन्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या बसवून घेणे, हा उच्च ऑक्टेनच्या जादा दरापेक्षा कितीतरी उपयुक्त खर्च होय.

घरची माणसे पुण्या-मुंबईस असल्याने गावी महिनोन् महिने उभी राहणारी गाडी हे एक वेगळेच प्रकरण आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते. मात्र टाकीत पाणी मर्यादेबाहेर गेले, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर साचतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही त्यामुळे घसरतो. अशी गाडी पावसाळ्यापूर्वी टाकी भरून व झाकण घट्ट लावून ठेवावी; दिवाळीत ती सुरू होण्यास कुरकुर करू लागली, तर बॅटरीला दोष देण्याआधी टाकीच्या तळातील थोडे इंधन काचेच्या बाटलीत काढून पाहावे.