गेमिंग पीसी हवाय? हप्ते नकोत, एकेक भाग घेत उभा करा

परीक्षा संपल्या की घराघरांत एक मागणी हमखास येते, "अब्बा, गेमिंग पीसी घ्यायचाय." दुकानात चौकशी केली की आकडा ऐकून अब्बा गप्प होतात, नाहीतर दुकानदार हप्त्यांचा कागद पुढे सरकवतो. पण असेंबल पीसीची एक मोठी सोय बरेच जण विसरतात. लॅपटॉपसारखा तो एकदम घ्यावा लागत नाही. क्रम नीट लावला तर आज अभ्यासापुरता घ्यायचा आणि पुढे पैसे जमले की तोच गेमिंगचा करायचा, असं जमतं. त्यासाठी कुठला भाग काय काम करतो ते आधी समजून घेऊ.

सुरुवात मॉनिटरपासून

गेममधलं प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्ड ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवतं. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, १४४०पी पडद्यावर ३६ लाख ८६ हजार ४०० आणि फोर-केवर ८२ लाख ९४ हजार ४००. म्हणजे फोर-केला फुल एचडीच्या बरोबर चौपट काम, तेही सेकंदाला साठ-शंभर वेळा. म्हणून पडदा ठरल्याशिवाय कार्ड ठरवता येत नाही. बजेट मर्यादित असेल तर फोर-केचा नाद सोडावा. १४४०पीवर उत्तम खेळता येतं, आणि घरात फुल एचडी मॉनिटर असेल तर तो चालू ठेवून कार्डाचे पैसे वाचवता येतात.

शंभर रुपये कसे वाटायचे?

मॉनिटर सोडून खर्चाचा साधा ठोकताळा असा धरा: शंभरातले चाळीस रुपये ग्राफिक्स कार्डाला, सोळाच्या आसपास प्रोसेसरला, बारा मदरबोर्डला, अकरा रॅमला, प्रत्येकी आठ एसएसडी आणि एसएमपीएसला, उरलेले पाच कॅबिनेटला. भाव हलतात तसं थोडं इकडे-तिकडे होईल. २०२५ च्या अखेरीस रॅम बरीच महागली, कारण कारखान्यांची बरीच मेमरी एआयच्या डेटा सेंटरकडे वळली. पण तत्त्व बदलत नाही. गेमचा भार कार्डावर असतो, म्हणून मोठा वाटा कार्डाला. रंगीत दिवे, काचेचं कॅबिनेट, महागडे पंखे यांनी गेम जरासुद्धा वेगाने चालत नाही.

कार्ड घेताना नाव पूर्ण वाचा. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात. नाव तेच, मेमरी निम्मी. १४४०पीवर नवे गेम उच्च सेटिंगला चालवायचे असतील तर १६ जीबीवालंच घ्यावं.

'आय सेव्हन' म्हटलं की भुलू नका

"आय सेव्हन गेमिंग पीसी, एकदम स्वस्त" अशा जाहिराती सर्रास दिसतात. इथे पिढी विचारायची. कोअर आय सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ चा, चार कोअरचा. कोअर आय फाइव्ह १२४०० हा २०२२ चा, सहा कोअरचा. दुसरा नावाने 'लहान' असूनही पहिल्याच्या खूप पुढे आहे. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुना आय सेव्हन त्यात बसत नाही.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

बऱ्याच कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फुकट' मिळतो. ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. हा भाग सगळ्या पीसीला वीज पुरवतो. तो बिघडला तर महागडं कार्ड आणि मदरबोर्डही सोबत घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ किंवा त्यावरचा, ६५० वॉटचा एसएमपीएस पहिल्याच दिवशी घ्या म्हणजे पुढे बदलावा लागणार नाही. यूपीएस घेतानाही बघा: ६०० व्हीएचे यूपीएस बहुतेक ३६० वॉटचेच असतात. गेम चालू असताना वीज गेली तर ते पुरतीलच असं नाही.

हप्ते की टप्पे?

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याच माथी पडतो, वर बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. शरीयतचा हुकूम काय, ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. पण जिथे व्याजाशिवाय मार्ग आहे, तिथे या भानगडीत पडायचंच कशाला?

तो मार्ग असा. पहिल्या टप्प्यात रायझन ५ ७६०० सारखा प्रोसेसर, एएम५ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट घ्या. या प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्स असतातच, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा चालू होतो. अभ्यास, ऑनलाइन क्लास, दुकानाचा हिशोब, कोडिंग आणि हलके गेम लगेच सुरू. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर मात्र इथे घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतात, म्हणून कार्ड येईपर्यंत पडदा काळाच राहील. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकीपेक्षा दोन वेगाने चालतात.

दुसऱ्या टप्प्यात ईदी, बचत, सुट्टीतली कमाई जमली की ग्राफिक्स कार्ड. तोपर्यंत भाव उतरले तर फायदा आपलाच. एएम५ला २०२७ पर्यंत साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणून पुढे फक्त प्रोसेसर बदलण्याची वाटही मोकळी राहते.

खरेदीला जाताना

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण यादी कागदावर न्या आणि प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर लिहून घ्या. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. पक्क्या बिलावर भागाचा सिरियल नंबर असला की वॉरंटी मागताना वाद होत नाही. सेकंड हँड कार्ड घ्यायचं असेल तर समोर अर्धा तास गेम चालवून बघा. पंख्याचा आवाज आणि पडद्यावरचे विचित्र ठिपके बरंच काही सांगतात.

आणि मुलाला सोबत न्या. भाव त्यालाच विचारू द्या, बेरीज त्यालाच करू द्या. दुसऱ्या टप्प्यासाठी दर महिन्याला काय बाजूला टाकायचं, हेही त्यालाच ठरवू द्या. स्वतः पैसे जमवून घेतलेल्या वस्तूची किंमत वेगळीच कळते.