सांगून मोडलेले बरे

5 जानेवारी 2023 रोजी पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली आणि गोव्यात विमानतळ एकाचे दोन झाले. जुन्या दाबोळी विमानतळाचे सांकेतिक नाव जीओआय, मोपाचे जीओएक्स. तोवर ‘गोवा म्हणजे जीओआय’ हे समीकरण गृहीत धरून लिहिलेला कुठलाही प्रोग्राम बरोबर होता. त्या दिवसापासून तो चुकीचा ठरला, आणि त्यातले एक अक्षरही कोणी बदललेले नव्हते. असा प्रोग्राम बंद पडत नाही, ही त्यातली मेख आहे. मोपाला जायच्या प्रवाशाला तो पूर्वीइतक्याच खात्रीने दाबोळीचा रस्ता सांगत राहतो. संगणकाच्या प्रोग्रामांचे मोडणे असे दोन तऱ्हांचे असते. काही प्रोग्राम ओरडून मोडतात, काही गुपचूप. आपल्याला राग येतो तो ओरडणाऱ्यांचा. खरे तर भीती दुसऱ्यांची बाळगायला हवी. चॅटबॉट लिहिणारे आणि तो पैसे देऊन लिहवून घेणारे, दोघांनीही हे ओळखले तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

चॅटबॉट म्हणजे टेलिग्राम, डिस्कॉर्ड, व्हॉट्सॲप अशा ठिकाणी माणसाच्या संदेशाला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम. पणजीतले एखादे कार्यालय दाखल्यांची माहिती देण्यासाठी असा बॉट ठेवू शकते, डिचोलीतला दुकानदार ऑर्डर घेण्यासाठी ठेवू शकतो. लिहिणाऱ्याने स्वतः लिहिलेला भाग त्यात थोडाच असतो. संदेश पोहोचवणे, उत्तर परत पाठवणे, जोडणी तुटली तर पुन्हा जोडणे ही कामे दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडकडे सोपवलेली असतात. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. रस्ट या भाषेत डिस्कॉर्डचे बॉट लिहिण्यासाठी सेरेनिटी नावाची लायब्ररी बरीच वापरली जाते. रस्टची पहिली पक्की आवृत्ती 15 मे 2015 ला आली. भाषा कडक शिस्तीची म्हणून ओळखली जाते, कारण तिचा कंपाइलर, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा भाग, शंका आली की काम पुढेच जाऊ देत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये सेरेनिटीची 0.12 ही आवृत्ती आली. 0.11 वर नीट चालणारे बॉट तिच्यावर नेले की चुकांची लांबलचक यादी पडद्यावर येई. संदेश तयार करण्याची पद्धतच बदलली होती. आधी ‘संदेश पाठव’ या आज्ञेच्या पोटातच तो कसा असावा हे लिहिले जायचे. आता संदेश आधी बाहेर रचायचा आणि मग पाठवायला द्यायचा, असे झाले. नवी रीत वाचायला आणि पुन्हा वापरायला सोपी आहे, पण जुने प्रत्येक वाक्य तिच्यात बसवून घ्यावे लागते. हा बदल अचानक अंगावर मात्र येत नाही. रस्टच्या जगात आवृत्तीचा आकडा हे एक वचन असते. एकच्या आतल्या आवृत्त्यांत मधला आकडा वाढला, 0.11 चा 0.12 झाला, की जुने कोड मोडू शकते असे समजायचे. रस्टचे कार्गो हे साधन अशी उडी स्वतःहून घेत नाही. कोणती आवृत्ती वापरली याची नोंद ते लॉक फाइलमध्ये ठेवते आणि उडी घ्यायची का हे बॉटच्या मालकावर सोडते. घेतलीच, तर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत काय जुळत नाही ते कंपाइलर सांगतो. ओरडून मोडणे म्हणतात ते हे. यादी लांब असेल, पण ती हातात आहे, आणि ती संपेपर्यंत चुकीचा बॉट लोकांसमोर जाऊ शकत नाही.

तरी यादी संपली म्हणजे काम संपले असे नव्हे. डिस्कॉर्डवरच्या प्रत्येक चॅनलला एक क्रमांक असतो. 0.11 मध्ये तो क्रमांक नुसता कंसात लिहिला की भागायचे. 0.12 ने ठरवले की खरा क्रमांक शून्य कधीच नसतो, म्हणून शून्य चालणारच नाही, आणि क्रमांक ‘न्यू’ या आज्ञेतूनच तयार करावा लागेल. कंपाइलर जुनी प्रत्येक जागा दाखवतो आणि घाईत असलेला माणूस सगळीकडे ‘न्यू’ घालून मोकळा होतो. आता समजा, ‘अजून चॅनल ठरलेला नाही’ याची खूण म्हणून जुन्या कोडमध्ये कुणी शून्य वापरला होता. ‘न्यू’ जोडल्यावर ती ओळ कंपाइलरला पटते, पण चालू बॉट तिथे पोहोचला की तो भाग कोसळतो. शब्दांची जुळवाजुळव कंपाइलरने तपासली. त्या शून्याचा अर्थ ‘नाही’ असा होता, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक होते. हा बदल चूक उघडी पाडणारा आहे, याचे श्रेय लायब्ररीला द्यायलाच हवे, पण तो नीट पचवायचा तर प्रत्येक शून्यापाशी थांबून ‘हा इथे का आहे’ असे विचारणारे माणूस लागते.

पायथन या भाषेतला अनुभव याच्याशी ताडून पाहता येतो. टेलिग्रामच्या बॉटांसाठी लोकप्रिय असलेल्या पायथन-टेलिग्राम-बॉट या लायब्ररीने विसाव्या आवृत्तीत, 2023 च्या सुरुवातीला, सगळी घडण बदलली. संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘अवेट’, म्हणजे ‘काम होईपर्यंत थांब’, असे लिहिणे आवश्यक झाले. ते एखाद्या ठिकाणी राहून गेले तरी प्रोग्राम सुरू होतो, प्रश्न स्वीकारतो, आणि नेमके त्या जागचे उत्तर पाठवत नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या नोंदीत, एक इशारा उमटतो, पण लॉग रोज कोण उघडून पाहतो? रस्टमध्येही हा शब्द विसरता येतो, फरक एवढाच की तिथला इशारा बॉट चालू होण्याआधी, तो बनवताना समोर येतो. चूक त्याच दिवशी कळली तर ती दुरुस्ती असते. महिन्याने कुणाच्या तक्रारीतून कळली तर लोकांचा विश्वास गेलेला असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चालते आहे त्याला हात कशाला लावायचा? लॉक फाइल आहेच, जुन्या आवृत्तीवर राहावे. हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. ज्या प्रोग्रामाचा बाहेरच्या जगाशी संबंध नाही, त्याला तो लागू पडतो. बॉटचे तसे नाही. त्याचे दुसरे टोक परक्या कंपनीच्या हातात असते. डिस्कॉर्डने 1 सप्टेंबर 2022 पासून संदेशातला मजकूर वाचायला वेगळी परवानगी सक्तीची केली. ती नसलेल्या बॉटना संदेश येत राहिले, पण बहुतेक संदेशांतला मजकूर रिकामा. त्याच वर्षी आलेल्या सेरेनिटी 0.11 ने बॉट सुरू करतानाच कोणत्या परवानग्या हव्यात ते लिहायला लावले, आणि ते लिहिले नाही तर कोड बनतच नव्हते. जो जुन्या आवृत्तीवर निवांत राहिला त्याला ही टोचणी मिळाली नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोके सापडली तरी तिच्यासाठी दुरुस्ती येईलच याची हमी नसते. रस्टच्या लायब्रऱ्यांतल्या अशा भोकांची ‘रस्टसेक’ नावाची सार्वजनिक नोंदवही आहे आणि आपला प्रोग्राम तिच्याशी ताडून पाहणारे ‘कार्गो ऑडिट’ हे साधन फुकट मिळते. एका जागी थांबायचेच असेल तर निदान एवढे तपासून थांबावे.

दुसरा आक्षेप लायब्ररी लिहिणाऱ्यांवर आहे. त्यांनी मोडतोड करावीच कशाला? इथे थर वेगळे करून पाहावे लागतात. रस्ट भाषेने 2015 पासून जुने कोड चालते ठेवण्याचे वचन दिले आहे. नव्या रीती ती 2018, 2021 आणि 2024 अशा ‘एडिशन’मधून आणते, आणि जुन्या एडिशनचे कोड नव्या कंपाइलरवरही बनते. एका वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या टोकिओ या लायब्ररीने डिसेंबर 2020 मध्ये 1.0 काढली, तेव्हा निदान तीन वर्षे 2.0 काढणार नाही असे जाहीर केले आणि ते पाळले. पाया असा स्थिर ठेवता येतो, ठेवायलाही हवा. सेरेनिटी ज्या थरात आहे तिथे मात्र समोरची सेवाच बदलत असते. तिथे लायब्ररीने काहीच मोडू नये म्हणणे म्हणजे बदल तिने आपल्यापासून लपवावेत असे म्हणणे आहे, आणि लपवलेला बदल हीच तर गुपचूप मोडतोड. ही कामे बहुधा स्वयंसेवक फावल्या वेळात करतात, हेही विसरू नये. त्यांनी बदलांची यादी आणि जुन्याचे नवे कसे करावे याची टिपणे द्यावीत, ही अपेक्षा रास्त आहे. त्यांनी आपला बॉट जन्मभर सांभाळावा, ही नाही.

हल्ली आणखी एक उत्तर तयार असते. हे सगळे एआय करून देईल. काही प्रमाणात ते खरे आहे. शेकडो ठिकाणची एकसारखी दुरुस्ती यंत्राने करावी, त्यात कमीपणा नाही. पण अशी साधने जुन्या कोडवर पोसलेली असल्यामुळे पुष्कळदा जुन्याच रीतीचे कोड आत्मविश्वासाने लिहून देतात. रस्टमध्ये कंपाइलर ते परत पाठवतो. ज्या भाषेत असा दारावरचा पहारा नाही, तिथे ते सरळ आत जाते. मघाच्या शून्याचा अर्थ तर त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळण्यासारखा नाही.

कंपाइलरलाही न दिसणारी मोडतोड मराठी आणि कोकणी वाचकांच्या अगदी जवळची आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. म्हणजे लोकांसाठीचा बॉट इथे देवनागरीत बोलला पाहिजे. संगणकाला मात्र अक्षर म्हणजे काय हे शिकवावे लागते. ‘म्हापसा’ हा शब्द संगणकात सात चिन्हांचा असतो, म, हलंत, ह, काना, प, स आणि पुन्हा काना. साठवताना त्याचे एकवीस बाइट होतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने यात अक्षरे किती? लिप्या संगणकात कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या जुन्या नियमाप्रमाणे चार, कारण जोडाक्षर हलंतापाशी तोडले जायचे. सप्टेंबर 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये नवा नियम आला आणि देवनागरीतले जोडाक्षर एकसंध धरले जाऊ लागले. आता उत्तर तीन, म्हा, प, सा. हा बदल मराठी वाचणाऱ्याला पटणाराच आहे. रस्ट प्रकल्पात दीर्घकाळ काम केलेले मनीष गोरेगावकर यांनी 2017 मध्येच देवनागरीची उदाहरणे देऊन दाखवले होते, की रोमन लिपीवरून बांधलेले प्रोग्रामरांचे अंदाज इतर लिप्यांत कसे फसतात. पण बदल योग्य असला तरी परिणाम व्हायचा तो होतोच. अक्षरे मोजणाऱ्या लायब्रऱ्यांनी नवा नियम घेतला, की तोच शब्द तीच आज्ञा दिल्यावर वेगळा आकडा देऊ लागतो. कोड बनते, इशारा येत नाही, आणि बटणावर नाव ठरावीक अक्षरांत कापणारा किंवा शब्दकोड्यातली घरे मोजणारा बॉट कालच्यापेक्षा वेगळा वागतो.

हा बदल पकडायचा कसा? पेडणे आणि डिचोली ही दोन नावे घालून तपासले तर काहीच हाती लागत नाही. दोन्हींत जोडाक्षर नाही, दोन्ही आधी तीन अक्षरांची होती आणि आताही तीनच आहेत. म्हापसा किंवा सत्तरी घातले की फरक उघडा पडतो. सत्तरीचीही चाराची तीन अक्षरे होतात. असे नमुने आणि त्यांची अपेक्षित उत्तरे यांना चाचण्या म्हणतात. कोडसोबत त्या लिहून ठेवल्या की आवृत्ती बदलल्यावर आकडा बदलताच त्या अडतात, म्हणजे गुपचूप मोडणाऱ्या गोष्टीलाही आवाज मिळतो. दूर देशी बसलेला लायब्ररीचा लेखक म्हापशाची चाचणी लिहिणार नाही. ती इथल्याच माणसाने लिहायची आहे, आणि त्यासाठी फार मोठा प्रोग्रामर असावे लागत नाही. आपल्या तालुक्यांची, गावांची, आडनावांची अवघड वाटणारी यादी देऊ शकणारा कारकूनसुद्धा त्यात मोलाची भर घालू शकतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. बॉट बनवून घेताना एकदाच रक्कम ठरते, उद्घाटन होते, आणि पुढच्या वर्षी लायब्ररी बदलली की कंत्राटदार म्हणतो, हे आमच्या कामात धरलेले नव्हते. कौलारू घर बांधणारा कोणी दरवर्षीची शाकारणी जमेस न धरता हिशेब मांडत नाही. बॉटच्या करारातही वार्षिक देखभाल वेगळी लिहिलेली असावी आणि त्यात काय येते ते स्पष्ट असावे. लायब्ररीची नवी आवृत्ती पाहणे, उडी एकेका टप्प्याने घेणे, सुरक्षेची नोंदवही तपासणे, स्थानिक नावांच्या चाचण्या चालवणे. लॉक फाइल, चाचण्या आणि मूळ कोड मालकाच्या ताब्यात यावे, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी काम अडत नाही. हा खर्च छोट्या कार्यालयाला जड वाटेल, आणि ज्याला तो खरोखरच झेपत नाही त्याने बॉटच्या भानगडीत न पडता माहितीचे साधे पान ठेवावे. त्यात काही कमीपणा नाही. पान जुने झाले तर त्यावरची तारीख तरी ते सांगते. देखभाल नसलेला बॉट मात्र चुकीचे उत्तरही ताजे असल्यासारखे देतो, आणि ते चूक आहे हे ज्याला कळायला हवे, तो प्रश्न विचारणारा नागरिकच तिथे सगळ्यात कमी माहिती असलेला असतो.