‘इरॅडिकेट’ : शब्दातच मूळ आहे

‘इरॅडिकेट’ हा इंग्रजी शब्द औषधांच्या माहितीपत्रकांत, रोगांच्या मोहिमांत नेहमी भेटतो. ‘नाहीसे करणे’ असा त्याचा ढोबळ अर्थ आपण धरतो. पण लॅटिनमध्ये ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ, आणि आरंभीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. मुळासकट उपटून बाहेर काढणे, हा त्याचा खरा अर्थ. इंग्रजीत मुळ्याला ‘रॅडिश’ म्हणतात, तोही याच ‘रॅडिक्स’चा. आपल्याकडेही मुळावरूनच मुळा! आपला ‘निर्मूलन’ शब्द अगदी याच घडणीचा आहे.

‘कंट्रोल’ म्हणजे नियंत्रण, ते वेगळे. हा फरक ध्यानात न घेतल्यास पैसा वाया जातो. लव्हाळ्यावर नुसते पान जाळणारे तणनाशक मारले की आठवडाभर रान स्वच्छ दिसते. जमिनीतल्या गाठी मात्र शाबूत असतात. त्या पुन्हा फुटतात. हरळीचेही तेच. ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवला तर काशांचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्याला कोंब येतो. म्हणजे पैसे मोजून लागवडच केली म्हणा ना! उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, ढेकळे तापू द्यावीत, वर आलेल्या काशा व गाठी वेचून जाळाव्यात. हे एका वर्षात संपत नाही. दोन-तीन उन्हाळे चिकाटी लागते. गाजरगवताचे मूळ सहज उपटते, पण तिथे खरे ‘मूळ’ बियांत आहे. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वीच उपटावे.

अवघ्या जगातून निर्मूलन झाल्याचे आजवर दोनच रोगांबाबत जाहीर झाले आहे. माणसांतील देवी १९८० साली, आणि जनावरांतील बुळकांडी २०११ साली. गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी जुन्या मंडळींना आठवत असेल. गावोगाव लस टोचून आणि रोगावर कडक पाळत ठेवून ती हटवली. भारत २००६ मध्येच तिच्यापासून मुक्त ठरला. त्यामुळे बुळकांडीची लस आता टोचावी लागत नाही. लाळ्या-खुरकताची मात्र दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावीच, कारण तिथे अजून चालू आहे ते नियंत्रण.