फळवाटप नको, दोन तास द्या

पुढाऱ्याचा वाढदिवस असो की कॉलेजचा सेवा सप्ताह, रुग्णालयात फळवाटप ठरलेलंच. केळी, सफरचंदं, फोटो आणि परत. शेवटच्या आजारातल्या माणसाला अनेकदा ते सफरचंद गिळताही येत नाही. तरुण मुलांना हॉस्पिसच्या, म्हणजे अशा माणसांच्या शुश्रूषेच्या, कामात आणायचं, तर आधी ही रीत मोडायला हवी.

केरळने ती मोडली. कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली; पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना हलक्या करणारी शुश्रूषा. पण अंथरुणाला खिळलेला पेशंट ओपीडीत येणार कसा? म्हणून काम घरोघर गेलं आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचंच जाळं उभं राहिलं, त्यात विद्यार्थ्यांचे गटही आले. स्वयंसेवकाकडून मागणी होती आठवड्याला किमान २ तासांची. आधी १६ तासांचं प्रशिक्षण, शिवाय ४ दिवस प्रत्यक्ष काम. २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच जाहीर केलं.

१६ तासांत कोणी नर्स होत नाही आणि व्हायचंही नसतं. औषधं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग यांना मुलांनी हात लावायचा नाही. मग करायचं काय? नखं कापायची, पेपर वाचून दाखवायचा, पेन्शनवाल्या आजोबांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून भरून द्यायचा. पोरगी उशाशी बसली की तेवढ्यात सून बँकेत जाऊन येते. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या बाईला ही सुट्टी किती मोलाची असते, ते तिलाच विचारा.

खरी कसोटी बोलण्यात. पेशंट विचारतो, “मी बरा होईन ना रे?” आपल्या तोंडून पटकन निघतं, “काका, काही होत नाही तुम्हाला!” तिथेच संवाद संपतो. त्यापेक्षा “आज असं का वाटलं, काका?” एवढं विचारून गप्प बसायचं. आपल्याकडे तर आजाराचं नाव अनेकदा पेशंटपासूनच लपवलेलं असतं. त्यामुळे घरच्यांनी त्याला काय सांगितलंय, हे दार वाजवण्याआधी टीमच्या नर्सकडून समजून घ्यावं. सेल्फी अर्थातच नाही. आणि अठराच्या आतल्या मुलांना एकटं पाठवू नये, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे. पण बहुतेक पेशंट घरीच असतात आणि घरोघर जाणारे हात कमी पडतात.

ते हात कॉलेजांत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. आठवड्याला २ प्रमाणे १०४, त्यात प्रशिक्षणाचे १६. हिशेब तंतोतंत जुळतो. परीक्षेचे आठवडे बुडाले, तर प्रत्यक्ष कामाचे ते ४ दिवस आहेतच.

तेव्हा प्राचार्य महोदय, यंदाचं वेळापत्रक आखण्याआधी जवळच्या पॅलिएटिव्ह केंद्राला एक फोन करा. पण पहिल्या वर्षी चाळीस नको, चारच मुलं पाठवा; आणि ओळखीचा झालेला पेशंट गेल्यावर त्या चौघांशी बोलायला एक जाणतं माणूस आधीच नेमून ठेवा.